कोण यायचंय अजून

रोस्विथानं सूर जुळवायचा नादकाटा इस्त्रीच्या रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला, परत बाहेर काढला आणि शेवटी चष्म्याच्या घरात कोंबला. चष्मा राहिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हे तिला ट्राम सुटल्यावर कळलं. आता उतरून परत जायचं म्हणजे उशीर, आणि उशीर झाला की मुलगा, टॉर्स्टन, घड्याळाकडे बघणार, काही बोलणार नाही, नुसता बघणार. जाऊ दे म्हणाली. ते स्मारक न दिसायला माणूस ठार आंधळाच हवा.

नेपोलियनला आमच्या लायप्झिगच्या वेशीवर मार बसला, त्याच्या आठवणीसाठी शंभर वर्षांनी रचलेला तो काळा डोंगर. बाहेरून येणारे मान वर करून आ वासतात. आम्ही त्याला फ्योल्की म्हणतो. घरात एखादा थोराड, बिनकामाचा काका असतो ना, त्याला लाडानं हाक मारावी तसं.

नादकाटा एबरहार्डचा. म्हणजे तिच्या नवऱ्याचा. कारखान्यात दिवसभर यंत्रांशी झटापट आणि संध्याकाळी कारखान्याच्याच गायकमंडळात गाणं, असं त्याचं आयुष्य. जाकिटाच्या खिशात हा दोन दातांचा काटा कायम. गुडघ्यावर टक्‌ करून आपटायचा, कानाशी न्यायचा, डोळे मिटून सूर धरायचा. लग्नातसुद्धा आपटला होता त्यानं तो. फेब्रुवारीत एबरहार्ड गेला. दवाखान्यातून त्याचं जाकीट परत मिळालं तेव्हा काटा खिशातच होता.

ऑक्टोबरात त्याचा वाढदिवस. वाढदिवस झाल्यावर येणाऱ्या शनिवारी सगळ्या घरानं फ्योल्कीला जायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. आधीच्या शनिवारी कधीच नाही. वाढदिवस आधी साजरा करणं म्हणजे संकटाला हाताला धरून घरात आणणं, याबाबतीत आमच्याकडे शिकलेले-बिनशिकलेले सगळे सारखेच येडे. टॉर्स्टन हांबुर्गहून गाडी हाकत यायचा. सोबत बायको अंत्ये आणि मुलगी यूले. मग सगळ्यांनी आतल्या मोठ्या गोल दालनात उभं राहून ते गाणं म्हणायचं.

गाणं कसलं, एबरहार्डनं जुळवलेला खुळचटपणा होता तो. टॉर्स्टन लहान असताना एकदा तिथे हरवला. आई-बाप खाली दालनात, आणि पोरगं जिना चढून वरच्या मजल्यावर गेलेलं. वरच्या मजल्याला मधोमध मोठा गोल खुला भाग आहे, कठड्यावरून खालचं दालन दिसतं. पोरगं कठड्याशी उभं राहून भोकाड पसरतंय आणि त्या घुमटात आवाज असा घुमतो, की रडणं कुठून येतंय ते कळायला मार्ग नाही. रोस्विथा नुसती गोल गोल फिरत राहिली. एबरहार्डनं मात्र काटा गुडघ्यावर आपटला आणि गायकमंडळात गळा तापवायला जी चाल म्हणायचे, त्या चालीवर तोंडाला येईल ते गायला लागला.

*कोण यायचंय अजून, कोण यायचंय?*
*थांबा थांबा, मी आलो!*
*कॉफी झाली गार गार,*
*बसा आता, सगळे आलो.*

वरचं रडणं थांबलं. थोड्या वेळानं एक बारीक, शेंबडा आवाज आला, "थांबा थांबा, मी आलो!" आणि पोरगं जिना उतरून धावत आलं.

तेव्हापासून ते गाणं घरचं झालं. एकानं पहिली ओळ म्हणायची, तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्यानं पहिली धरायची, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. एकामागून एक, पाठशिवणीच्या खेळासारखं. एबरहार्ड पहिला. रोस्विथा दुसरी. टॉर्स्टन तिसरा. यूले बोलायला लागली तशी ती चौथी. अंत्ये काही गायची नाही. तिला सूर म्हणजे काय हे माहीत नाही, असं तीच सांगते. ती कोट सांभाळायची.

आता खरी गोची सांगते. आठवड्यापूर्वी टॉर्स्टनचा फोन आला. हवापाणी झालं, गुडघ्याची चौकशी झाली, मग तो जरा अडखळला.

"आई, ते गाणं... यंदा म्हणायचं का?"

रोस्विथानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मार्चपासून ती या प्रश्नाची वाट बघत होती. हो म्हणायला तोंड उघडलं असतं तर हुंदका बाहेर पडला असता, आणि फोनवर रडणारी आई तिला व्हायचं नव्हतं. म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "नको रे. कशाला. राहू दे."

"बरं," टॉर्स्टन म्हणाला.

झालं. विषय संपला. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याचा शब्द खोटा पाडणं. केक हवा का म्हटल्यावर तुम्ही लाजून नको म्हणालात, तर केक तुमच्या डोळ्यांदेखत पुढच्या माणसाकडे जातो, आणि त्यात कोणाला वाईटपणा नाही. रोस्विथा सगळा जन्म या नियमात वागली. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनकडे बघत बसली. एकदा तरी परत विचारेल, असं तिला उगाच वाटत होतं.

म्हणून हा काटा. तोंडानं बोलायचं नाही, काटा नुसता टॉर्स्टनच्या हातात द्यायचा. तो समजेल, गुडघ्यावर आपटेल, बापाच्या जागी पहिली ओळ धरेल. मग दुसरी आपण. एवढं एक झालं की तिला बाकी काही नको होतं. आणि यंदा झालं नाही तर परत कधीच होणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. एक वर्ष मोडलेली रीत कोण परत उचलतंय? पुढच्या वर्षी टॉर्स्टन म्हणेल, आई, तूच ये ना हांबुर्गला. आणि फ्योल्की उभं राहील आपलं, काकासारखं, कोणी न विचारता.

तळ्याकाठच्या बाकावर तिघं आधीच येऊन बसली होती. टॉर्स्टननं उठून मिठी मारली, जरा जास्तच हळू, काचेचं भांडं उचलावं तशी. अंत्येनं तिचा दंड धरला.

"रोस्विथा, ट्राममध्ये बसायला जागा मिळाली ना? आम्ही घ्यायला आलो असतो."

"मिळाली, मिळाली. मला काय धाड भरलीय?"

"आजी, तू बारीक झालीस," यूले म्हणाली. चौदा वर्षांची पोर, आईसारखी उंच आणि आजोबासारखी तोंडाळ.

"तू माझ्या वाटणीचं खातेस ना, म्हणून."

यूले खळखळून हसली आणि लगेच बापाकडे बघून गप्प झाली. रोस्विथाच्या ते ध्यानात आलं. या लोकांनी येताना गाडीत ठरवलेलं दिसतंय, आजीसमोर हे बोलायचं नाही, ते बोलायचं नाही. तिला आतून चीड आली. एबरहार्ड मेला होता. तिला काही झालेलं नव्हतं.

तिनं रुमाल काढायच्या निमित्तानं पर्स उघडली, चष्म्याचं घर उघडलं आणि काटा टॉर्स्टनला दिसेल असा मांडीवर धरला. टॉर्स्टनला तो दिसला. दिसला हे तिला नक्की कळलं, कारण त्याचा चेहरा कोणी चापट मारल्यासारखा झाला. मग त्यानं मान वळवली आणि तळ्याकडे बघत म्हणाला, "गाडी लावायला जागाच नव्हती आज. तीन फेऱ्या मारल्या."

"हो का," रोस्विथा म्हणाली आणि काटा परत आत ठेवला.

आत गेल्यावर नेहमीचा गारवा अंगावर आला. त्या दालनात भिंतीला माणसापेक्षा किती तरी मोठे दगडी चेहरे आहेत, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे दोन दगडी शिपाई मान खाली घालून उभे. मेलेल्यांची राखण करतात म्हणे. एबरहार्ड म्हणायचा, राखण कसली, उभ्या उभ्या झोपलेत लेकाचे. डावीकडचा एक चेहरा त्यांचा ठरलेला होता. चौघंही न बोलता चालत तिथेच गेली आणि सवयीनं ओळीत उभी राहिली. पायांनाच ठाऊक होतं. रोस्विथाच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी राहिली. कोणी तिच्यात सरकलं नाही.

मग कोणी काहीच केलं नाही.

शाळेच्या सहलीतली दोनचार कार्टी "हुर्रा!" करून ओरडली. आवाज वर चढला, गोल फिरला, कितीतरी वेळ विरलाच नाही. त्यांच्या बाईंनी डोळे वटारले. रोस्विथा समोरच्या दगडी पापण्यांकडे बघत राहिली. आता म्हणेल. आता खाकरेल. टॉर्स्टन खाकरलाही.

"आई, आम्ही जरा वर जाऊन येतो. तुझ्या गुडघ्याला जिने नकोत."

"मी थांबू का हिच्यापाशी?" अंत्येनं विचारलं.

"नको, नको. जा तुम्ही," रोस्विथा म्हणाली.

आणि अंत्ये गेली. जाणारच की! नको म्हटलं होतं ना. आपलीच जीभ हासडून फेकावी असं वाटलं रोस्विथाला.

तिघांची पावलं जिन्यात विरली. सहलही बाहेर गेली. दालनात एक पाठपिशवीवालं परदेशी जोडपं उरलं, आणि राखण करणारे ते झोपलेले शिपाई. रोस्विथा बाकावर बसली. इतकं एकटं तिला घरीही वाटत नव्हतं. घरी निदान फ्रिज घरघरतो, वरच्या मजल्यावरची बाई खुर्च्या सरकवते. इथं आपला श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वरून परत येत होता. तिला एबरहार्डचा राग आला. जायचं होतं तर मला आधी जाऊ द्यायचं होतंस. तुला एकट्याला गाता येत होतं. मला येत नाही.

तिनं वर बघितलं. कठड्यावर काही डोकी दिसत होती, चष्म्याशिवाय नुसते ठिपके. त्यातलं टॉर्स्टनचं कोणतं, देव जाणे. तोही एकदा असाच तिथे उभा होता, शेंबूड गळत, आणि एका ओळीनं खाली आला होता.

ती उठली. काटा काढला. गुडघा तसाही दुखराच होता, त्यावर टक्‌ करून आपटला आणि कानाशी धरला. बारीक, सरळ सूर. तेवढा तिला घेता येत होता.

"कोण यायचंय अजून, कोण यायचंय?"

आवाज थरथरला, पण निघाला. वर गेला, पसरला, तिथेच लटकून राहिला. ती दुसऱ्या ओळीवर गेली, "थांबा थांबा, मी आलो!" आणि कान टवकारले. आता दुसरा यायला हवा. कोणी आलं नाही. तिचीच पहिली ओळ अजून घुमटात फिरत होती, तिच्या दुसऱ्या ओळीला चिकटत होती, क्षणभर वाटलं दोघं आहेत. दोघं नव्हते. तिसरी ओळ. कॉफी झाली गार गार. वरची डोकी हलत नव्हती. आता थांबावं, तर अर्ध्यावर सोडून दिलेलं गाणं इथं घुमत राहणार. तिनं शेवटची ओळ म्हटली, "बसा आता, सगळे आलो," आणि ती एकटीच त्या भल्यामोठ्या दगडी पोटात उभी होती.

परदेशी जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. बाईनं तर छातीवर हात ठेवून मान लववली. रोस्विथाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनंही मान लववली, दुसरं काय करणार, आणि काटा चष्म्याच्या घरात घालून बाकावर बसली.

तिघं खाली आली तेव्हा कोणी कशाचा उल्लेख केला नाही. टॉर्स्टनचे डोळे लाल होते. "वर वारा फार आहे," तो म्हणाला. रोस्विथानं मनात म्हटलं, म्हणजे ही तिघं पार बाहेरच्या गच्चीवर होती. ऐकलंच नाही कोणी. बरंच झालं. आणि बरं झालं असं तिला मुळीच वाटलं नाही.

कॉफीघरात टेबल तीन वाजताचं सांगून ठेवलं होतं, तीनच्या ठोक्याला ते बसले. चीझच्या थराचा केक आला, कॉफी आली. कॉफी इतकी पातळ, की कपाच्या बुडाशी रंगवलेलं फूल दिसत होतं. एबरहार्ड असता तर म्हणाला असता, कॉफीच्या दाण्याला या किटलीची वाट दाखवून परत पाठवलेलं दिसतंय. ते वाक्य सगळ्यांच्या मनात येऊन गेलं. चमचे वाजत राहिले.

शेवटी यूलेच्यानं राहवेना.

"आजी, तू खाली किती छान गायलीस."

"यूले," टॉर्स्टन दबक्या आवाजात म्हणाला.

"काय यूले? मी काय खोटं बोलतेय? अख्खा वरचा मजला गप्प झाला होता. आणि बाबा तर कठडा धरून..."

"यूले, पुरे."

रोस्विथानं कप खाली ठेवला. बशीत कॉफी सांडली. "तुम्ही तिथे होतात? ऐकलंत?"

टॉर्स्टननं होकारार्थी मान डोलावली.

"सगळं?"

"सगळं."

"मग आला का नाहीस रे?" आवाज चढला, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं, रोस्विथाला त्याचं काही वाटलं नाही. "मी तिथे वेड्यासारखी एकटी केकाटतेय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि तू वर उभा राहून ऐकतोयस? एक ओळ नाही धरता आली तुला?"

"तू नको म्हणाली होतीस."

"मी रडू नये म्हणून नको म्हणाले! तुला पोटच्या पोराला एवढं कळू नये?"

टॉर्स्टननं केकची बशी जवळ ओढली. पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला माणूस, पण खालचा ओठ पुढे आला तसा कठड्याजवळचा पोरगाच दिसायला लागला.

"मलाही म्हणायचं होतं, आई. काटा बघितला तेव्हा तर... पण मला वाटलं, तू तो नुसता जवळ बाळगतेस. मग तू सुरू केलंस. मी तोंड उघडून उभा होतो. खरंच. यूलेला विचार. पण मी तिसरा ना."

"म्हणजे?"

"लहानपणापासून तुझी पहिली ओळ संपली की मी. बाबांच्या ओळीकडे मी कधी लक्षच दिलं नाही. तुझ्या पाठोपाठ यायचं, एवढंच मला येतं." त्यानं चमच्यानं केक उगाच चिरडला. "तूच गात होतीस, ते कळत होतं गं. बाबांची जागा घेतलीस, तेही कळत होतं. तरी कान दुसरीच्या जागी येणाऱ्या तुझ्याच आवाजाची वाट बघत राहिले. दुसरा आवाज येईल, मग मी येईन. तो आलाच नाही आणि गाणं संपलं."

"आणि मी बाबाची वाट बघत होते," यूले म्हणाली.

अंत्येनं डोळे पुसले आणि कागदी रुमाल रोस्विथाकडे सरकवला. रोस्विथानं तो घेतला. या खेपेला नको म्हणाली नाही.

गाडीपाशी निरोप घेताना तिनं चष्म्याचं घर उघडलं आणि काटा टॉर्स्टनच्या हातात ठेवला. "घे. तुझ्यासाठीच आणला होता."

टॉर्स्टननं तो हातात फिरवला, अंगठ्यानं पुसला, आणि परत तिच्या मुठीत घालून तिची बोटं मिटली.

"तुझ्याकडेच राहू दे. सुरुवात आता तू करतेस. मी दुसरा होईन. शिकतो मी वर्षभरात."

"बघ हं. वर्षानं मी असेन की नाही..."

"आई!"

"बरं, बरं. असेन."

"ट्रामच्या थांब्यावर सोडू?"

ती नको म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता. "सोड," ती म्हणाली.

थांब्यावर ती उतरली, गाडी वळली, मागच्या काचेतून यूलेनं हात हलवला आणि मग हांबुर्गच्या रस्त्याला लागलेली ती गाडी बाकीच्या गाड्यांत चष्म्याशिवाय ओळखू येईनाशी झाली. घरी कोणी वाट बघत नव्हतं. ट्राम यायला वेळ होता.

रोस्विथानं काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. एवढी वर्षं एबरहार्डनं ती पहिली ओळ अख्खी एकट्यानं म्हटली होती. मागून कोणी येईल की नाही, हे म्हणून होईस्तोवर त्यालाही कळत नव्हतं. आणि आपण कधी कधी गंमत म्हणून मुद्दाम उशीर करायचो, त्याला जरा लटकत ठेवायचो. तो भुवया उंचावून आपल्याकडे बघायचा आणि आपण हसायचो.

"कोण यायचंय अजून, कोण यायचंय?" ती हलकेच म्हणाली, आणि दुसऱ्या ओळीवर न जाता थांबून राहिली.

थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. तरी ती ट्राम येईपर्यंत थांबली.